पॅकेज तुटलंय हे कुणाला, कधी आणि कसं कळतं?

सुतारपक्षी

रोजच्या वापरातलं एक छोटं साधन परवा हाताशी सापडेना. शब्दकोशाच्या फायली उघडून टर्मिनलमध्येच शब्द शोधून देणारा साधा प्रोग्राम आहे, सी भाषेतला, जुना. माझ्याकडे डेबियन या लिनक्सची टेस्टिंग शाखा (पुढची स्थिर आवृत्ती जिथे घडते ती) असते. नव्या मशीनवर सगळं बसवायला घेतलं आणि एपीटीने (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) सांगितलं, या नावाचं पॅकेजच नाही. जुन्या मशीनवर मात्र ते आहे आणि नीट चालतंय.

खोदकाम केल्यावर कळलं की यात अचानक असं काही घडलेलंच नव्हतं. कुणीतरी बग नोंदवला होता: जीसीसी १५ या कंपायलरने हे पॅकेज सोर्सपासून बांधलं जात नाही. पुढे बगची पातळी ‘सिरियस’ झाली. मेंटेनरकडून (पॅकेज सांभाळणाऱ्याकडून) उत्तर नाही. मग ट्रॅकरच्या पानावर ‘अमुक तारखेला टेस्टिंगमधून काढलं जाणार’ अशी ओळ लागली, ती तारीख उलटली आणि पॅकेज गेलं. जुन्या मशीनवर ते टिकलं, कारण एकदा बसवलेलं पॅकेज संग्रहातून गेलं म्हणून तुमच्या डिस्कवरून जात नाही. सगळी नोंद आठवडेच्या आठवडे उघड्यावर होती. मी ती पाहिली नव्हती, आणि हे साधन वापरणाऱ्या इतर कुणीही पाहिली नसावी, कारण बगवर दुसरा एकही संदेश नाही.

म्हणून विचारतोय. तुम्ही वापरता त्या पॅकेजेसवर लक्ष कसं ठेवता? आणि ‘तुटलंय’ असं दिसल्यावर, मेंटेनर नसलेल्या माणसाने नेमकं काय करावं? मला सी बऱ्यापैकी येते, पॅकेजिंग फारसं येत नाही.

पाणंद

धागा काढलात ते फार बरं केलंत. या विषयावर मराठीत सलग काही सापडत नाही, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

‘तुटलेलं’ या एका शब्दात निदान चार वेगळ्या गोष्टी येतात आणि त्या चारही वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात. एक, सोर्सपासून बांधलं जात नाही. याला आमच्यात एफटीबीएफएस (‘फेल्स टू बिल्ड फ्रॉम सोर्स’) म्हणतात. तुमच्या पॅकेजचं हेच झालंय. दोन, बांधलं जातं पण बसत नाही, कारण त्याला हवी ती लायब्ररी त्या आवृत्तीत संग्रहात नाही. तीन, बसताना अडकतं: दोन पॅकेजेस एकच फाइल आपली म्हणतात आणि डीपीकेजी (एपीटीच्या खाली प्रत्यक्ष बसवणारं साधन) मधेच थांबतं. चार, बसतं, पण चालवलं की पडतं. चौथा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो पकडायला माणूस लागतो. पहिल्या तिघांसाठी यंत्रं आहेत.

डेबियनमध्ये या सगळ्याची वही म्हणजे बग ट्रॅकर. इयान जॅक्सन यांनी १९९४ मध्ये लिहिलेली ती व्यवस्था अजून चालू आहे आणि अजूनही ईमेलवरच चालते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथला बग क्रमांक दहा लाखांवर गेला. बगच्या पातळ्या सात: क्रिटिकल, ग्रेव्ह, सिरियस, इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर आणि विशलिस्ट. पहिल्या तिघांना रिलीज-क्रिटिकल म्हणतात. म्हणजे हा बग असेल तर ते पॅकेज पुढच्या स्थिर आवृत्तीत जाता कामा नये. टेस्टिंगमधून आपोआप काढलं जातं ते याच तीन पातळ्यांमुळे.

अनस्टेबलमधून (नवी पॅकेजेस आधी येतात त्या शाखेतून) टेस्टिंगमध्ये कुणाला सोडायचं हे ‘ब्रिटनी’ नावाचा प्रोग्राम ठरवतो. निकड जास्त असेल तर २ दिवस, मध्यम असेल तर ५, कमी असेल तर १० दिवस पॅकेजने अनस्टेबलमध्ये काढायचे, नवीन रिलीज-क्रिटिकल बग आणायचा नाही, आणि त्याच्या येण्याने दुसरं कुणी बसेनासं होता कामा नये. एखादं पॅकेज का अडकलंय हे ब्रिटनी कारणांसकट लिहून ठेवते. त्या नोंदींना ‘एक्स्क्यूजेस’ म्हणतात. मी रोज वाचतो ती गोष्ट हीच.

तुमच्यासाठी तीन साधनं सुचवतो. ‘एपीटी-लिस्टबग्ज’ बसवा, ते अपग्रेडच्या आधी गंभीर बग दाखवून विचारतं. ‘हाऊ-कॅन-आय-हेल्प’ बसवा, तुमच्या मशीनवरचं कोणतं पॅकेज अनाथ झालंय, कोणतं टेस्टिंगमधून जाणार आहे, हे ते एपीटी चालवल्यावर सांगतं. तुमची अडचण या एका साधनाने वेळेवर कळली असती. तिसरं डेव्हस्क्रिप्ट्समधलं ‘आरसी-अलर्ट’, बसवलेल्या पॅकेजेसपैकी कुणावर रिलीज-क्रिटिकल बग आहेत त्याची यादी देतं.

आणि एक गोष्ट आवर्जून. आपोआप काढण्याची तारीख बगवर नवा संदेश आला की पुढे सरकते. ‘मी हे वापरतो, बघतोय, पॅच करायचा प्रयत्न करतो’ एवढं एका ओळीचं ईमेल वेळ मिळवून देतं. फक्त ते खरं असलं पाहिजे.

कोनाडा

मी नवीन आहे, प्रश्न धाग्याला धरून आहे की नाही माहीत नाही. मला एक व्हिडिओ एडिटर बसवायचा आहे आणि एपीटी म्हणतंय, ‘तुम्ही तुटलेली पॅकेजेस धरून ठेवली आहेत’. मी काहीच धरून ठेवलेलं नाही. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ चालवलं तर यादी रिकामी. ‘फिक्स-ब्रोकन’ चालवलं, ते म्हणतं करण्यासारखं काही नाही. मग तुटलंय काय?

पाणंद

कोनाडा, अगदी धाग्यातलाच प्रश्न आहे. हा संदेश वर्षानुवर्षं लोकांना चुकीच्या दिशेला पाठवतो. ‘धरून ठेवलेलं’ म्हणजे तुम्ही हातानं अडवलेलं असा अर्थ घेऊ नका. एपीटीला सगळ्या अटी एकाच वेळी पाळता येईल अशी मांडणी सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘फिक्स-ब्रोकन’ अर्धवट बसलेल्या पॅकेजेससाठी असतं, म्हणून त्याला करण्यासारखं काही दिसत नाही.

एप्टीट्यूड बसवा आणि ‘एप्टीट्यूड व्हाय-नॉट’ पुढे त्या एडिटरचं नाव देऊन चालवा. उत्तर इथे टाका.

कोनाडा

चालवलं. एक मल्टिमीडिया लायब्ररी माझ्याकडे नवीन आवृत्तीची आहे आणि एडिटरच्या साखळीतल्या एका पॅकेजला नेमकी जुनीच हवी आहे. ‘एपीटी पॉलिसी’ ने बघितलं तर ती लायब्ररी डेबियनची नाहीच, मी पूर्वी जोडलेल्या एका बाहेरच्या रेपोतून (पॅकेजेसच्या साठ्यातून) आली आहे.

पाणंद

सापडलं. तो रेपो बंद करा, ती लायब्ररी डेबियनच्या आवृत्तीवर परत आणा (नावापुढे बरोबरचं चिन्ह आणि आवृत्ती द्यायची), मग एडिटर बसेल.

जाता जाता सांगतो, ‘हे पॅकेज बसू शकतं का’ हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. अवलंबित्व, पर्याय आणि परस्परविरोध तिन्ही असले की तो एनपी-कम्प्लीट ठरतो, म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी पद्धत माहीत नसलेल्या प्रश्नांपैकी एक. २००० च्या दशकात ईडीओएस या युरोपीय संशोधन प्रकल्पाने हे दाखवून दिलं. त्या कामातून आलेली ‘डोस’ ही साधनं आजही डेबियनचा संग्रह तपासून कोणती पॅकेजेस कुठल्याच मांडणीत बसू शकत नाहीत हे सांगतात. म्हणजे तुमच्या मशीनवर बसत नाही आणि जगात कुठेच बसू शकत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बग नोंदवण्याआधी आपण कोणत्या बाजूला आहोत ते पाहावं.

कोनाडा

बसला! खूप आभार. रेपो जोडताना त्याच्यामुळे असं काही होऊ शकतं हे डोक्यातही नव्हतं.

किलबिल

मी निक्सओएस ही दुसरी लिनक्स वापरते, तिकडची पद्धत सांगते, कारण तिथे तुटलेलं पॅकेज लपूच शकत नाही.

निक्समध्ये पॅकेजची ओळख त्याच्या सगळ्या घटकांवरून ठरते. तळाच्या एका लायब्ररीत बदल झाला की तिच्यावर उभी असलेली प्रत्येक गोष्ट नव्याने बांधावी लागते. हे काम ‘हायड्रा’ नावाचा बिल्ड सर्व्हर सतत करत असतो, त्यामुळे काय तुटलं ते लगेच लाल दिसतं. वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या आवृत्त्यांआधी, ‘झिरो हायड्रा फेल्युअर्स’ नावाची मोहीम असते. सगळे जण ती लाल यादी घेऊन बसतात. माझं पहिलं योगदान त्याच मोहिमेतलं आहे, एका पायथन लायब्ररीच्या आवृत्तीची अट सैल करायची होती, एका ओळीचा बदल.

ती यादी वाचायची एक युक्ती आहे. हायड्रा दोन प्रकारची अपयशं वेगळी दाखवतो: पॅकेज स्वतः बांधताना पडलं, आणि त्याला लागणारं दुसरं काही पडलं म्हणून याची पाळीच आली नाही. पहिल्यांदा यादी उघडली तेव्हा एवढं सगळं तुटलंय हे बघून मी बंदच करणार होते. मग लक्षात आलं की बरीचशी लाल नावं एकाच तळाच्या पॅकेजमुळे लाल आहेत. ते एक दुरुस्त झालं की बाकीची आपोआप हिरवी. म्हणून ‘इतकी पॅकेजेस तुटली’ या आकड्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. किती मुळं आहेत ते मोजते.

आणि जे दुरुस्त होत नाही त्याच्या व्याख्येत ‘मेटा’मध्ये ‘ब्रोकन’ खरं असं लिहायचं. मग निक्स ते बांधायलाच नकार देतं. ज्याला तरीही हवं त्याने तशी स्पष्ट परवानगी द्यायची.

गलबत

फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोर्ट्समध्येही (पॅकेजेस बांधायच्या तिथल्या कृतींमध्ये) असंच आहे, पण एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे पोर्टच्या मेकफाइलमध्ये ‘ब्रोकन’ समोर कारण लिहायचं असतं, वाक्यात. वापरणारा ते पोर्ट बांधायला गेला की तेच वाक्य त्याच्या पडद्यावर येतं. ‘फेच होत नाही’, ‘अमुक आवृत्तीच्या ओपनएसएसएलबरोबर बांधलं जात नाही’, असं. फक्त एकाच आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारावर) तुटलं असेल तर तेवढ्यापुरतीच खूण करता येते. पुढे कुणी वालीच नसेल तर ‘डेप्रिकेटेड’ आणि त्यासोबत मुदत संपण्याची तारीख.

बांधणी पडली की पोर्टच्या मेंटेनरला लॉगसकट ‘फॉलआउट’चं ईमेल जातं. माझ्याकडे तीन पोर्ट्स आहेत, म्हणून सांगतो: नुसतं ‘तुटलंय’ असं कळणं आणि कारणासकट कळणं यात माझ्या एका संध्याकाळचा फरक पडतो.

किलबिल

गलबत, हे पटलं. निक्समध्ये बऱ्याच ठिकाणी नुसतीच खूण असते आणि वर्षभराने कुणालाच आठवत नाही की ती का लावली होती. मी आता शेजारी एक ओळ टिप्पणी लिहिते, तारीख आणि लॉगमधली पहिली चूक.

जुनं_जातं

मला इथे थोडं वेगळं म्हणायचं आहे. खूण लावणं सोपं आहे आणि म्हणूनच ती घाईने लावली जाते. मी ३२ बिटी एआरएमची दोन छोटी यंत्रं चालवतो. एक हवामानाची नोंद ठेवतं, दुसरं बॅकअप घेतं. दोन्ही उत्तम चालतात. पण आमच्या आर्किटेक्चरवर काही पडलं की पहिला प्रतिसाद येतो, ‘इथे बंदच करू या’. ज्याच्या लॅपटॉपवर ते हिरवं आहे त्याला तो प्रश्न संपला असं वाटतं.

उलट उदाहरणही देतो, कारण तेही तितकंच खरं आहे. २०३८ चा प्रश्न सगळ्यांना माहीत असेल: ३२ बिटांत साठवलेली वेळ १९ जानेवारी २०३८ ला जागतिक वेळेनुसार ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते आणि पुढच्या सेकंदाला उलटून ऋण होते. २०२४ मध्ये डेबियनने ३२ बिटी एआरएमवर वेळेचा प्रकार ६४ बिटांचा केला. त्यामुळे वेळेला हात लावणाऱ्या प्रत्येक लायब्ररीचा आतला आकार बदलला. जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीला जोडला गेला तर चुपचाप चुकीची वेळ वाचेल. म्हणून शेकडो लायब्ररी पॅकेजेसची नावंच बदलली आणि शेवटी ‘टी६४’ जोडलं. ‘लिबएसएसएल३’ चं झालं ‘लिबएसएसएल३टी६४’. नाव बदललं की जुनं आणि नवं चुकून एकत्र येऊ शकत नाही.

त्या काळात अनस्टेबलवर अपग्रेड चालवलं की एपीटी अर्धी सिस्टिम काढायची परवानगी मागायचं. मी आठवडेभर ‘नाही’ म्हणत एक्स्क्यूजेस वाचत बसलो होतो. पण सगळ्या संग्रहातली गुंतागुंत माणसांनी एकेक करून सोडवली. आमच्या जुन्या यंत्रांसाठी इतकं मोठं काम झालं याचं मला आजही अप्रूप वाटतं. (आय३८६ ला, म्हणजे जुन्या ३२ बिटी पीसींच्या आर्किटेक्चरला, त्यातून वगळलं, कारण तिथे जुने तयार प्रोग्राम चालणं हाच मुख्य उपयोग उरलाय. तो निर्णयही मला योग्य वाटतो.)

पाणंद

आणि त्याच गोंधळात मार्च २०२४ च्या शेवटी एक्सझेडचं प्रकरण आलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या संचात ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदार घुसवलेलं होतं. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते जाहीर केलं. ते पोस्टग्रेस डेटाबेसच्या कामासाठी डेबियन अनस्टेबलवर मोजमापं घेत होते, आणि एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) तक्रारी करतंय, हे त्यांना खटकलं. बांधणी हिरवी होती. सगळं बसत होतं, चालत होतं.

डेबियनने मागे जायचं ठरवलं, पण पॅकेजची आवृत्ती कमी करता येत नाही, नाहीतर अपग्रेड होणार नाही. म्हणून नवी आवृत्ती निघाली ‘५.६.१+रिअली५.४.५’. वरून ५.६.१ पेक्षा मोठी, आत जुनी ५.४.५. कधी असा ‘रिअली’ दिसला तर समजा, कुणीतरी मागे पाऊल घेतलंय.

जुनं_जातं, तुमच्या मुद्द्यावर माझं मत असं की खूण आणि हकालपट्टी यात अंतर असावं. खूण लगेच लावावी, कारण ती माहिती आहे. हकालपट्टी सावकाश.

जुनं_जातं

एवढं असेल तर माझी हरकत नाही.

सुतारपक्षी

इतकं वाचून काल रात्री बगवर ईमेल टाकलं की मी बघतो, आणि लॉग उघडला. सी येत असून लॉग वाचायला मला तासभर लागला, तो का लागला ते लिहितो, नव्यांना उपयोग होईल.

मी सवयीने शेवटापासून वाचायला घेतला. शेवटी असतं ‘मेक: एरर २’. त्याच्या वर ‘डीएच_ऑटो_बिल्ड’चं तेच रडगाणं, त्याच्या वर पुन्हा मेक. यातल्या एकाही ओळीत कारण नाही; प्रत्येक ओळ फक्त सांगते की माझ्या आतलं कुणीतरी पडलं. शिवाय बांधणी समांतर चालते, त्यामुळे एक फाइल पडल्यावरही बाकीच्या फायली आपापलं काम संपवेपर्यंत बोलत राहतात आणि खरी चूक शेकडो ओळी वर निघून जाते. शेवटी ‘एरर’ आणि त्यापुढे अपूर्णविराम (:) असं वरून खाली शोधलं आणि पहिला सापडलेला ठोका घेतला. तो असा होता: ‘बूल’ची व्याख्या ‘टाइपडेफ’ने करता येत नाही. खाली टीप: सी२३ (सी भाषेचं नवं मानक) पासून ‘बूल’ हा राखीव शब्द आहे.

म्हणजे जीसीसी १५ (एप्रिल २०२५) ने काही सांगितलं नाही तर सी२३ धरायला सुरुवात केली, आणि आमच्या या जुन्या प्रोग्रामच्या हेडरमध्ये कुण्या काळी लिहिलेली एक ओळ आहे, ‘अनसाइन्ड कॅर’ला ‘बूल’ म्हणा. तेव्हा ते योग्यच होतं. कोडला कुणी हात लावला नाही, कंपायलर बदलला.

ती ओळ काढली, जीसीसी १५ ने बांधलं, हिरवं. पॅच पाठवू का?

पाणंद

थांबा. पॅच पाठवण्याआधी एक तपासा. जुना ‘बूल’ म्हणजे एक बाइट होता, त्यात ० ते २५५ काहीही राहत होतं. खऱ्या ‘बूल’मध्ये शून्य नसलेलं काहीही ठेवलं की ते १ होतं. कोडमध्ये कुठे या चलांत ० आणि १ सोडून तिसरं काही ठेवलेलं आहे का? जुन्या कोडमध्ये हे मी पूर्वी पाहिलंय.

दुसरी गोष्ट, यातल्याच भावकीतली. जीसीसी १४ (मे २०२४) पासून घोषणा न करता फंक्शन वापरलं की इशारा न मिळता सरळ चूक मिळते. कोडमध्ये ती दिसते, दुरुस्त होते. पण ‘कन्फिगर’ स्क्रिप्ट आतल्या आत छोटे छोटे चाचणी प्रोग्राम बांधून ‘ही सोय या सिस्टिममध्ये आहे का’ ते ठरवते, आणि ते चाचणी प्रोग्राम स्वतः जुन्या ढंगाने लिहिलेले असले तर नव्या कंपायलरवर पडतात. कन्फिगरला वाटतं, सोयच नाही. ती न बोलता पुढे जाते, पॅकेज बांधलं जातं, सगळीकडे हिरवं, आणि आतली एक सोय कायमची बंद. फेडोराने ‘पोर्टिंग टू मॉडर्न सी’ या कामात खास याच गोष्टीचा माग काढला होता. म्हणून जुन्या आणि नव्या कंपायलरने बनलेल्या ‘कॉन्फिग.एच’ फायली शेजारी शेजारी ठेवून फरक पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

गलबत

सहमत. आणि घाई असेल तर मेकफाइलमध्ये ‘जीएनयू१७’ हे आधीचं मानक सक्तीचं करूनही बांधलं जाईल. ती तात्पुरती पट्टी आहे, पण वर्तन अजिबात बदलत नाही, हा तिचा मोठा गुण.

सुतारपक्षी

पाणंद, तुमचं खरं निघालं.

‘कॉन्फिग.एच’ दोन्हीकडे सारखी आहे, तिथे काही नाही. पण शोधण्याच्या फंक्शनमध्ये ‘सापडला’ अशा अर्थाच्या नावाचं एक चल आहे, ‘बूल’ म्हणून घोषित केलेलं. नेमका शब्द मिळाला तर त्यात १ ठेवतात. सुरुवातीची अक्षरं जुळली तर २. पुढे छापताना २ असेल तर जवळच्या शब्दांची यादी दाखवतात. माझा पॅच लावलेल्या प्रोग्रामला मी अर्धा शब्द दिला: जुनी आवृत्ती अकरा पर्याय देते, नवी पहिला शब्द दाखवून थांबते, जणू तोच नेमका शब्द होता. चूक नाही, इशारा नाही. पॅकेजमध्ये चाचण्या नाहीत, त्यामुळे यंत्रालाही कळलं नसतं. मी तो पॅच पाठवला असता तर बग बंद झाला असता, पॅकेज टेस्टिंगमध्ये परतलं असतं, आणि पहिल्या प्रकारचं तुटणं चौथ्या प्रकारचं झालं असतं.

आता त्या चलाला तीन किमतींचा स्वतंत्र ‘ईनम’ (नावं दिलेल्या ठरावीक किमतींचा प्रकार) केला आहे, बाकीची सगळी चलं एकेक करून तपासली (सतरा होती, बाकी सगळी खरोखर हो-नाही), आणि ‘बूल’ची जुनी ओळ काढली.

किलबिल

सुतारपक्षी, हा अर्धा शब्द देऊन बघायचा प्रयोगच चाचणी म्हणून सोबत पाठवा ना. पुढच्या कंपायलरला तीच उपयोगी पडेल. निक्समध्ये हे पॅकेज आहे, आत्ताच बघितलं, तिथे कुणीतरी ‘जीएनयू१७’ची पट्टी लावून ठेवली आहे. तुमचा पॅच मूळ प्रकल्पाने घेतला की मी ती काढते.

पाणंद

चाचणीची कल्पना उत्तम. ‘ऑटोपीकेजीटेस्ट’ (बसवलेल्या पॅकेजवर आपोआप चालणारी चाचणी) म्हणून घातली तर ब्रिटनीही ती पाहील. पुढे एखाद्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीने हे साधन मोडलं तर ती लायब्ररीच टेस्टिंगच्या दारात अडेल.

पाठवायची पद्धत: बगच्या क्रमांकाच्या पत्त्यावर ईमेल, पॅच जोडून, आणि मजकुराच्या पहिल्या ओळीत कंट्रोलची आज्ञा देऊन ‘पॅच’ हा टॅग लावा. काय तुटलं, का तुटलं, काय बदललं आणि तुम्ही ते कसं तपासलं, एवढं लिहा. दोन किमतींच्या जागी तीन होत्या हे तर नक्की लिहा, कारण पुढचा माणूस हाच सोपा पॅच करायला येणार आहे. मेंटेनरला वेळ द्या. आठवड्या-दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर मेंटेनर नसलेल्याने अपलोड करायची रीत आहे, ती काही दिवस थांबवून ठेवलेल्या रांगेत टाकतात म्हणजे मेंटेनरला हवं तर अडवता येतं. ते मी करून देईन.

कोनाडा

मी मधे बोलतोय, पण मला सी येत नाही, मग मी यात काही करू शकतो का? वरचं सगळं वाचून हाऊ-कॅन-आय-हेल्प बसवलं. माझ्या मशीनवरची चार पॅकेजेस टेस्टिंगमधून जाणार असं दाखवतंय. त्यातलं एक मी रोज वापरतो.

गलबत

कोनाडा, भरपूर. त्या बगवर जा आणि पाहा की दिलेल्या पायऱ्यांनी तुमच्याकडेही तसंच होतं का. होत असेल तर आवृत्ती, आर्किटेक्चर आणि शेवटचं केव्हा चाललं होतं ते लिहा. होत नसेल तर तेही लिहा, ते तर जास्त मोलाचं. माझ्या पोर्टवर एकदा एकाने फक्त एवढंच लिहिलं होतं की मागच्या महिन्याच्या आवृत्तीत चालत होतं. तेवढ्यावरून मला चाळीस बदलांऐवजी सहाच पाहावे लागले.

जुनं_जातं

आणि कुणी ३२ बिटी एआरएमवर बांधून बघायला हवं असेल तर मला सांगा. यंत्र सावकाश आहे, पण रात्रभर चालू असतं. सुतारपक्षी, तुमचा पॅच आत्ता लावून बघतोय.

सुतारपक्षी

पॅच आणि चाचणी बगवर पाठवली, मूळ प्रकल्पालाही पाठवली. जुनं_जातं, निकाल आला की बगवरच लिहा, इथे नको, म्हणजे मेंटेनरला दिसेल.

जुनं_जातं

एआरएमवर बांधलं गेलं. चाचणी पास. अर्धा शब्द दिला, अकराच्या अकरा पर्याय आले. बगवर लिहिलं आहे.

कोनाडा

माझ्या त्या पॅकेजच्या बगवर मीही लिहिलं. आयुष्यातलं पहिलंच. माझ्याकडे ते पडत नाही, पायऱ्या तीनदा करून पाहिल्या, आवृत्तीही दिली. आत्ता उत्तर आलंय, नोंदवणाऱ्याने विचारलंय की माझ्याकडे वेलँड आहे की एक्स११ (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन व्यवस्था). ते कसं बघायचं?

किलबिल

टर्मिनलमध्ये ‘एक्सडीजी सेशन टाइप’ या चलाची किंमत छापा, मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अधोरेषा. जे येईल ते जसंच्या तसं बगवर चिकटवा.